बंदुकीचा वारस

आमच्या गावात बंदूक एकच होती आणि ती आमच्या घरी होती. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते ऐकून गावची कुत्रीसुद्धा कंटाळून उठून जातात. रिठदच्या बाजारात, जऊळक्याच्या स्टेशनावर, सोयरिकीच्या बैठकीत, मयतीच्या ओट्यावर, जिथं चार माणसं भेटली तिथं मी ते सोडलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्याने विचारलं, "पोराजवळ काय हाये?" मी म्हणालो, "बंदूक." त्यानंतर त्या माणसाला नकार द्यायची छाती झाली नाही. बायको म्हणते की तिच्या बापाने फक्त चहा गार होतोय एवढंच म्हटलं होतं. पण हे लिहितोय मी.

बंदूक ठासणीची. पीक संरक्षणाचा परवाना, बाबांच्या नावावर. उभी केली तर बाबांपेक्षा चार बोटं उंच. तिच्या नळीत आधी दारू ओतायची, मग चिंधी ठासायची, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी, मग गजाने ठोकत बसायचं. तोवर रानडुक्कर हरभऱ्याची एक अख्खी ओळ संपवून, नाल्यावर पाणी पिऊन, पिलांची हजेरी घेऊन शेजारच्या वावरात पोचलेलं असायचं. पण बार उडाला की उडाला! मालेगावच्या बाजारातले बैल दावं तोडायचे. इंझोरीच्या म्हशी दोन दिवस दूध द्यायच्या नाहीत. धूर असा, की त्यात बाबाच हरवायचे आणि आम्ही हाका मारत त्यांना शोधायचो. चाळीस वर्षांत त्या बंदुकीने मारलं काय? एक पाण्याचा माठ, एक पपईचं झाड आणि आमच्याच गोठ्याचं एक टिन. डुक्कर एकही नाही. डुकरं आवाजाने पळायची, एवढं मात्र अगदी खरं.

दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, वखराची पास यांच्या ओळीत तीही झोपायची, हळदीकुंकू लावून. सोनं द्यायला आलेले लोक आपट्याचं पान आधी बंदुकीवर ठेवायचे, मग बाबांच्या हातावर. आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत. आपल्याकडे मतदानाला तोटा नाही. बाबा म्हणायचे, बंदूक माहेरी गेली. ती परत यायची तेव्हा तिच्या कमरेला एक चिठ्ठी बांधलेली असायची आणि माय तिला ओल्या फडक्याने पुसून पुन्हा खुंट्यांवर चढवायची.

दोन वर्षांमागे बाबा गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, म्हणून तेराव्याच्या आधीच बंदूक ठाण्यात गेली. मी वारस म्हणून अर्ज टाकला. बाकीच्या वारसांची नाहरकत लागते, शेजाऱ्यांचे जबाब लागतात. दोन्ही बहिणींनी सह्या दिल्या. माय म्हणाली, "करून देईन, घाई कायची हाये?" मी घाई केली नाही. तिथं चुकलो असं मला तेव्हा वाटलं.

कारण पेरणीच्या तोंडावर धुऱ्याचं प्रकरण झालं.

आमच्या वावराला लागून चुलतभावाचं वावर आहे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो, शिव्या देतानासुद्धा. मधला धुरा, म्हणजे बांध, माझ्या लहानपणी एवढा रुंद होता की त्यावरून दोन बैलगाड्या समोरासमोर यायच्या आणि गाडीवान उतरून तंबाखू खायचे. पुढे दरवर्षी तो थोडा थोडा झिजला. कोणी झिजवला? मी म्हणतो त्याने, तो म्हणतो मी. त्या दिवशी त्याच्या ट्रॅक्टरचा एक फण इकडे आला. एकच फण, वीतभर पट्टा! पण आता धुऱ्यावरून मुंगीलासुद्धा अंग चोरून चालावं लागेल, अशी परिस्थिती.

"दादा, तुले याच धुऱ्यात गाडतो!" मी ओरडलो.

"ये ना बे लहान्या! गाडाले जागा तं पाह्यजे, धुरा उरला कुठी?"

ही त्याची मस्करी होती. मला ती मस्करी आता कळते, तेव्हा डोक्यात आग होती. मी घराकडे पळालो. पुढे वर्षभर मी हा किस्सा सांगताना म्हणायचो, ऊन फार होतं, मी दुपट्टा आणायला गेलो होतो. लोक हसायचे.

मी दुपट्टा आणायला गेलो नव्हतो. मी सरळ आतल्या खोलीत गेलो आणि माझा हात त्या दोन खुंट्यांवर गेला. खुंट्या रिकाम्या होत्या. हात तिथंच, हवेत. मागे वळून पाहिलं तर दारात माय बसलेली, सुपात तूर.  तिने सूप बाजूला ठेवलं, उठली, तांब्याभर पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच प्यायलो. पाणी संपलं तसा रागही थोडा खाली बसला, आणि मग मी खरोखरच दुपट्टा घेऊन वावरात गेलो. दादा तोवर जेवायला निघून गेला होता. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आठवड्याने मी मायपुढे नाहरकतीचा कागद ठेवला.

"माय, सही कर वं."

"मले सही येत नाई."

"बँकेत तं करतं!"

"थे बँकेपुरती हाये."

"बचत गटात करतं, रेशनले करतं..."

"थ्या येगळ्या सह्या. बंदुकीची मले कोणी शिकवली नाई." आणि ती शेळीला पाला टाकायला निघून गेली. माय भांडत नाही. ती शेळीला पाला टाकते. त्या वर्षी आमच्या शेळीचं वजन रेडकाएवढं झालं, कारण मी दर आठ दिवसांनी सही मागायचो.

तिकडे डुकरांनी सलग दुसऱ्या वर्षी कहर मांडला. बाबांच्या बारांचा धाक गेला होता. सोयाबीन त्यांनी आमच्याआधी काढलं. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, अशा उभ्या राहायच्या जणू सातबारा त्यांच्या नावावर आहे. एका डुकराने तर मला पाहून जागा सरकवून दिली, बस म्हणून. ग्रामसभेत विषय निघाला, घरटी एक बंदूक मागायची, तसा ठराव करून कलेक्टरकडे पाठवायचा. ग्रामसभा एक तासात उठली, पण चर्चा उठली नाही. ती चहाच्या टपरीवर जाऊन बसली आणि महिनाभर तिथंच मुक्कामाला राहिली.

टपरीवाला स्वतः तीन एकरांचा धनी. तो बंदुकीच्या बाजूचा. एक रिटायर गुरुजी विरुद्ध बाजूचे. गुरुजींनी सगळ्या गावाला पाढे शिकवलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवताना लोकांचा हात आपोआप कानाकडे जातो.

"सातासमुद्रापलीकडे एक देश हाये," गुरुजी म्हणाले, "तिथं म्हणे माणसापेक्षा बंदुका जास्त. आन् तिथं शाळेत लेकराईले शिकवतात का गोळी चालली तर बेंचाखाली कसं लपायचं."

"तिथं डुकरं नसतीन!" टपरीवाला.

"बंदूक ज्याच्या हाती हाये त्याले डुक्कर कोण हाये हे कोण सांगणार?"

"गुरुजी, तुमी पुस्तकातलं बोलून राह्यले. काठ्या पाहा. आपल्या गावात घरटी तीन काठ्या हायेत. तुमच्या हिशोबानं मंग रोज मुर्दा पडाले पाह्यजे. वस्तू काई करत नाई, माणूस करते."

लोक म्हणाले, वा! मी सगळ्यात मोठ्याने म्हणालो.

गुरुजींनी बशीतला चहा संपवला. "काठीनं मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन तुह्यावर रिपोट देते. आठवड्यानं तुमी दोघं याच टपरीवर बसता. बंदुकीनं मारलेला रिपोट द्याले येत नाई, बाबू. भांडण तर गावात व्हणारच. भांडून परत येता आलं पाह्यजे."

यावरही लोक वा म्हणाले. आमचं गाव दिलदार आहे, दोन्ही बाजूंना वा म्हणतं. मी मात्र या वेळी म्हणालो नाही. माझा उजवा हात उगाचच जड वाटायला लागला, म्हणून मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

पण हरभरा जात होता, आणि मी हट्टी. घरी जाऊन मायला म्हटलं, "आता तं गावाचा ठराव होऊन राह्यला. तू एकटी कायले अडून बसली?"

माय चुलीपुढून उठली. पहिल्यांदाच तिने शेळीचं कारण काढलं नाही.

"करीन सही. पण आधी त्याचं लिवून आण."

"कोणाचं?"

"दादाचं. याच्या हातात बंदूक देल्ली तरी मले भेव नाई, असं त्यानं लिवून देलं, का मी करतो सही. इंग्रजीत पाह्यजे तं इंग्रजीत करतो."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणजे तिने तो हात पाहिला होता, आणि कोणासाठी पुढे गेला होता तेही तिला ठाऊक होतं. दीड वर्ष ती एवढंच राखत बसली होती.

दादाचं घर आमच्या घरापासून चाळीस पावलं. मी गेलो त्या वाटेने ते तीन कोस भरलं; मारुतीला वळसा, शाळेला वळसा, ज्याच्याकडे काही काम नाही त्याच्याकडे बसून आलो, आणि शेवटी त्याच्या अंगणात उभा राहिलो. दादा बाजेवर बसून दोरी वळत होता.

"राम राम, दादा."

त्याने मागे वळून पाहिलं, की मी कोणाशी बोलतोय. मग विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाई."

"मंग काहून आला?"

"सही पाह्यजे."

मी बाजेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. मायची अट जशीच्या तशी. तो ऐकत गेला, आणि हळूहळू त्याचं पोट हलायला लागलं. हसता हसता तो घरात गेला आणि एक प्लास्टिकची थैली घेऊन आला. थैलीतून कागद काढून माझ्या मांडीवर टाकला. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज. अर्जदार, दादा.

"ठाण्याचा जमादार म्हणे शेजाऱ्याचा जबाब लागन," तो म्हणाला. "शेजारी कोण? तूच. मी महिन्यापासून इचार करून राह्यलो का तुह्याकडं यावं कसं."

"तुले कायले पाह्यजे बंदूक?"

"डुकरासाठी. तुले?"

"डुकरासाठी."

आम्ही दोघांनी वावराच्या दिशेला पाहिलं. तिकडून एखादं डुक्कर आलं असतं तर साक्षीला बरं झालं असतं.

"खरं सांगू का बे?" दादा म्हणाला. "तुह्या अर्जाचं आयकलं म्हणून टाकला. तुह्या घरी बंदूक आन् माह्या घरी काठी. झोप कशी लागन?" मग दोरी बाजूला ठेवून त्याने विचारलं, "त्या दिवशी धुऱ्यावरून तू घरी कायले गेलता?"

दुपट्टा हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर तयार होता. सगळ्या तालुक्याला मी तो खपवला होता. मी आजवर जेवढं बोललो त्यातलं निम्मं खोटं आणि उरलेलं फुगवलेलं, हे दादाइतकं कोणाला माहीत नाही. त्याच्याशी खोटं बोलणं म्हणजे हलवायाला जिलेबी विकणं. तरी बोललो असतो. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बंदूक आणाले," मी म्हणालो.

त्याने दोरीचं टोक उचललं, परत खाली ठेवलं.

"भेटली असती तं?"

"माहीत नाई, दादा."

 मग तोच म्हणाला, "ठासाले किती टाइम लागते तिले?"

"पाच मिनिटं. दारू कोरडी असन तं."

"तवर तं मी जेवून झोपलोबी असतो."

मी हसलो. म्हणजे आवाज हसल्यासारखा आला. पण दादा अर्जावर बोट ठेवून होता. "मी ठासणीची नाई मागितली, लहान्या. नव्या तऱ्हेची मागितली. काडतूस घातलं, घोडा दाबला, झालं. पाच मिनिटं मधात नाईत."

त्या पाच मिनिटांत काय काय मावतं, ते मला त्या बाजेवर कळलं. तांब्याभर पाणी मावतं, दुपट्टा मावतो, दादाचं जेवण मावतं. पण हे मी त्याला बोललो नाही, नाहीतर तो म्हणाला असता, गुरुजीसारखा बोलून राह्यला.

"डुकराचं काय करायचं मंग?" मी विचारलं.

"झटका मशीन."

सौर पाटीवर चालणारी ती तार हल्ली बऱ्याच वावरांना दिसते. जनावर मरत नाही. शिवलं की असा झटका बसतो की ते आपल्या आजोळचा पत्ता सांगत पळतं. मी दगडाने जमिनीवर दोन्ही वावरं काढली. दोघांनी वेगळं कुंपण घातलं तर धुऱ्यावर दोन तारा. एकच घातलं, दोन्ही वावरांच्या भोवतीने, तर धुऱ्यावर तारच नको.

"आन् तुहा फण?" दादाने विचारलं. "घे ना परत."

"राहू दे. एका फणानं काय होते?"

"घे म्हणतो ना!"

"नाई घेत!"

"अबे, तुह्या बापाची जमीन हाये, घेशीन कसा नाई?"

त्यावर आमचं असं कडाक्याचं भांडण जुंपलं की वहिनी हातात लाटणं घेऊन धावत बाहेर आली. तिला वाटलं, झालं सुरू. तिला कळेना की हे दोघं जमीन द्यायला भांडतायत. शेवटी तिनेच निकाल दिला, फणभर जागा कोणाचीच नाही, तिथं तूर लावा, शेंगा मी तोडीन.

दोन दिवसांनी जमादार फटफटीवर आले. देह असा की खालची फटफटी दिसू नये, ते नुसतेच बसल्याबसल्या सरकत येतायत असं वाटावं. आम्ही दोघं वावरात खांब गाडत होतो. त्यांनी कागद काढला आणि मला विचारलं, "अर्जदाराचा स्वभाव कसा हाये?"

"गाईसारखा," मी म्हणालो. "पण बंदूक देऊ नका."

"काहून?"

"गायबी एखाद्या वक्ती शिंग मारते, साहेब."

मग दादाकडे वळून, "आन् यांचा?"

"हा मुलखाचा लबाड, पण मनाचा चांगला. यालेबी देऊ नका."

जमादारांनी टोपी काढून डोकं पुसलं. शेजाऱ्याचा अर्ज बुडवणारे रोज भेटतात, ते म्हणाले, पण तुमी दोघं खांबाचं एक एक टोक धरून एकमेकाचा बुडवून राह्यले. मग आम्ही आपापले अर्ज मागे घेतोय म्हटल्यावर ते तिथंच धुऱ्यावर बसले आणि आमची भाकर खाऊन गेले. तीन खाल्ल्या. मी तेरा सांगतो.

बंदुकीला वारस नाही म्हटल्यावर ती सरकारजमा करायची होती. त्यासाठीही सगळ्या वारसांच्या सह्या. बहिणी आल्या, मी आलो, आणि दादाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून माय आली. ठाण्यात जमादारांनी कागद पुढे सरकवला. मला धास्ती, की ही इथंही म्हणते का, मले सही येत नाई. तिने पेन घेतलं आणि नाव लिहिलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट, एकही वेलांटी न सोडता. बँकेत ती अर्धंच लिहिते.

 परतताना गाडीत मला राहवलं नाही.

"माय, वाईट वाटलं का वं? बाबाची वस्तू होती."

ती बाहेर बघत म्हणाली, "तुहा बाप रोज झोपाच्या आधी नळीत गज घालून पाहे, भरलेली तं नाई. तो झोपला का मी उठून पाहो. तुमी पाच लेकरं खेळाचे तिथं." तिने आमच्या बहिणी, मी, दादा आणि त्याची बहीण, अशी पाचही बोटं मोजली. "चाळीस वर्सं पाह्यली."

बाबांच्या बाराच्या एवढ्या गोष्टी मी सांगितल्या, त्यात ही कुठेच नव्हती. मला माहीतच नव्हती.

"काकी, कधी सांगितलं नाई," दादा म्हणाला.

"सांगून काय? त्या बंदुकीचं भेव तुह्या मनात गेलं असतं, मंग तू तवाच दुसरी मागितली असती." आणि मग एकदम, "गाडी थांबव. तार पाह्यची हाये."

वावर आलंच होतं. आम्ही उतरेपर्यंत ती लुगडं सावरत बांधाशी पोचलीसुद्धा, आणि त्या तारेत खरंच काही आहे का हे पाहायला तिने बोट पुढे केलं.

"माय, झटका बसन!" मी ओरडलो. "काकी, हात लावू नोको!" दादा त्याच क्षणी ओरडला. दोघांचा मिळून असा आवाज झाला की पलीकडच्या कपाशीच्या पराटीतून दोन डुकरं उठली आणि नाल्याकडे सुटली.

मायने बोट मागे घेतलं, त्या पळणाऱ्या डुकरांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. किती वेळ हसली ते मी सांगणार नाही. सांगितलं तर फुगवून सांगेन.